ज्या मास्तरवर उत्क्रांती शिकवली म्हणून खटला चालला, त्यानं ती शिकवली होती का?

२०२३ साली एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला. १,८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्र लिहून त्याला विरोध केला. बारावीला जीवशास्त्र घेणाऱ्यांना तो धडा असतोच, मग दहावीला नसला तर काय बिघडलं, असंही काहींचं म्हणणं होतं.

शाळेत उत्क्रांती शिकवायची की नाही, हा वाद मात्र जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत याच वादात २४ वर्षांच्या एका मास्तरला आरोपी म्हणून कोर्टात उभं राहावं लागलं होतं.

त्याचं नाव जॉन थॉमस स्कोप्स.

स्कोप्सचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा, केंटकी राज्यातल्या पडूका गावचा. पुढे घर इलिनॉय राज्यातल्या सेलम इथं हललं. १९१९ साली तो तिथल्या हायस्कूलमधून बाहेर पडला, तेव्हा निरोप समारंभाला पाहुणे होते विल्यम जेनिंग्ज ब्रायन. तीन वेळा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले आणि हरलेले, पण भाषणाला उभे राहिले की सभा जिंकणारे नेते. हेच ब्रायन सहा वर्षांनी आपल्याविरुद्ध कोर्टात उभे राहतील, असं त्या दिवशी स्कोप्सच्या स्वप्नातही नसेल.

१९२४ साली पदवी घेऊन तो टेनेसी राज्यातल्या डेटन या छोट्या गावात नोकरीला लागला. काम होतं फुटबॉल कोचचं, जोडीला गणित आणि विज्ञानाचे तास.

मेडिकलच्या टेबलावर ठरलेला खटला

मार्च १९२५ मध्ये टेनेसीत बटलर कायदा आला. बायबलमधली मानवाच्या निर्मितीची कथा नाकारून माणूस खालच्या प्राण्यांपासून आला असं सरकारी शाळेत शिकवणं गुन्हा ठरलं. दंड १०० ते ५०० डॉलर.

गंमत अशी की सरकारनंच लावलेल्या जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्क्रांतीचा भाग होता. म्हणजे पुस्तक शिकवलं तर कायदा मोडतो आणि नाही शिकवलं तर अभ्यासक्रम.

नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका संघटनेनं जाहीर केलं की या कायद्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खर्च आम्ही उचलतो. डेटनमध्ये तेव्हा धंदापाणी मंदावलं होतं. जॉर्ज रॅपलिया नावाच्या खाण व्यवस्थापकाला वाटलं, खटला आपल्याकडे झाला तर गावाचं नाव देशभर होईल. गावातल्या मेडिकलमध्ये काही मंडळी जमली. दुकानाचे मालक रॉबिन्सन हेच शाळा मंडळाचे अध्यक्ष होते आणि ते बंदी आलेला भाग असलेलं पुस्तकही तिथंच विकायचे.

त्यांनी स्कोप्सला बोलावून घेतलं. जीवशास्त्राचे नेहमीचे शिक्षक आजारी असताना त्यानं काही दिवस त्यांचे तास घेतले होते. त्यात उत्क्रांतीचा धडा झाला होता का, हे त्याला स्वतःलाच नीट आठवत नव्हतं. तरी कायदा चुकीचा आहे असं वाटत असल्यानं तो आरोपी व्हायला तयार झाला.

अकरा दिवसांची जत्रा

१० जुलै १९२५ ला खटला सुरू झाला. सरकारच्या बाजूनं ब्रायन, तर स्कोप्सच्या बाजूनं देशातले गाजलेले वकील क्लॅरेन्स डॅरो. पत्रकारांचे तांडे आले आणि रेडिओवरून कामकाजाचं थेट प्रक्षेपण झालं. रस्त्यावर शिकवलेलं चिंपांझीही फिरवलं गेलं.

ब्रायन यांची भीती फक्त धर्माची नव्हती. बळी तो कान पिळी हाच निसर्गाचा नियम असं पोरं शिकतील, दुबळ्यांना जग चिरडेल, असं त्यांना वाटायचं. आणि ती अगदीच हवेतली नव्हती. त्याच पुस्तकात माणसांची वंशांनुसार उतरंड लावली होती आणि सुप्रजननाचा पुरस्कारही होता. शाळा ज्यांच्या करातून चालते त्या जनतेनंच अभ्यासक्रम ठरवावा, हा त्यांचा दुसरा मुद्दा. डॅरो यांचं म्हणणं होतं की विज्ञानात काय खरं, हे बहुमतानं किंवा धर्मग्रंथानं ठरत नाही.

बचावाच्या शास्त्रज्ञांना ज्युरीसमोर बोलू दिलं गेलं नाही. मग २० जुलैला डॅरो यांनी थेट ब्रायन यांनाच साक्षीला बोलावलं आणि कोर्टाबाहेरच्या हिरवळीवर बायबलमधल्या कथांवरून त्यांची उलटतपासणी घेतली. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती साक्ष नोंदीतून काढून टाकली.

निकालाला ज्युरीनं साधारण नऊ मिनिटं घेतली. दोषी. दंड १०० डॉलर. डॅरो यांनाही हेच हवं होतं, कारण शिक्षा झाल्याशिवाय वरच्या कोर्टात जाता येणार नव्हतं. स्कोप्सची साक्ष झालीच नाही. शिक्षा सुनावताना तो पहिल्यांदा कोर्टात बोलला, आणि हा कायदा अन्यायाचा असून आपण त्याला विरोध करत राहू एवढंच त्यानं सांगितलं. पाच दिवसांनी ब्रायन डेटनमध्येच झोपेत वारले.

मग जिंकलं कोण?

१९२७ साली टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली, पण कारण तांत्रिक होतं. ५० डॉलरपेक्षा जास्त दंड ज्युरीनं ठरवायला हवा होता, तो न्यायाधीशांनी ठरवला होता. कायदा मात्र कायम राहिला. शिक्षाच रद्द झाल्यानं आणखी वर जायची वाटही बंद झाली.

खरा परिणाम झाला तो पुस्तकांवर. भांडण नको म्हणून प्रकाशकांनी उत्क्रांतीचा भाग आपणहून कमी केला. १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक सोडल्यावर आपलं विज्ञान शिक्षण मागे पडतंय याची अमेरिकेला जाग आली आणि साठच्या दशकात तो धडा पुस्तकांत ठळकपणे परतला. बटलर कायदा ४२ वर्षांनी, १९६७ साली रद्द झाला. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आर्कान्सा राज्यातली अशीच बंदी घटनाबाह्य ठरवली.

स्कोप्स या प्रसिद्धीपासून लांबच राहिला. खटल्याला आलेल्या शास्त्रज्ञांनी जमवून दिलेल्या शिष्यवृत्तीवर तो शिकागो विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकला. मग व्हेनेझुएलात तेल कंपनीत आणि पुढे अमेरिकेत गॅस कंपनीत नोकरी केली. शाळेत शिकवायला तो परत गेला नाही. २१ ऑक्टोबर १९७० ला तो वारला, तेव्हा त्याला आरोपी करणारा कायदा रद्द होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती.