कै. विठ्ठल रामजी शिंदे यांचे ऑक्सफर्डमधील दिवस

हल्ली आपल्या समाजातील मुले परदेशी शिकावयास जाऊ लागली आहेत. आमच्या लोह्यासारख्या गावातूनही कोणी निघाला की शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, आणि महिनाभरात तेथील मनोऱ्यांची व पुलांची छायाचित्रे घरोघर फिरतात. त्यात वावगे काही नाही. आम्हीही ती कौतुकाने पाहतो. मात्र पाहताना दर वेळी आम्हांस मराठा कुळातील एका जुन्या विद्यार्थ्याचे स्मरण होते. सव्वाशे वर्षांपूर्वी तो अशाच एका प्राचीन विद्यानगरीत जाऊन राहिला. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ते हेच.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. वडील रामजीबाबा वारकरी, घरची स्थिती ओढगस्तीची. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते शिकू शकले ते गंगारामभाऊ म्हस्के यांच्या डेक्कन मराठा शिक्षण संस्थेच्या विद्यार्थिवेतनामुळे आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या साहाय्यामुळे. जातीच्या निधीतून मिळालेले हे साहाय्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे. १८९८ साली ते बी. ए. झाले व वकिलीच्या अभ्यासास लागले. परंतु प्रार्थना समाजाची ओढ लागून तो अभ्यास सुटला. पुढे इंग्लंडमधील युनिटेरियन मंडळींची शिष्यवृत्ती मिळाली आणि सप्टेंबर १९०१ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, आईवडील, पत्नी व बहिणी यांचा निरोप घेऊन ते मुंबईहून बोटीने निघाले. त्या काळी आपला लोहा-कंधारचा मुलूख निजामाच्या राज्यात होता, दरबारी भाषा उर्दू. येथील कुणब्याच्या पोराने विलायतेचे नाव काढणे म्हणजे वेडेपणाच ठरला असता.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले शिक्षक. ऑक्सफर्ड आम्ही नकाशावर मुलांना दाखविले, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. तरी शिंदे यांचे आत्मचरित्र व रोजनिशी वाचून आणि त्या नगरीविषयी मिळेल ते वाचून काही चित्र मनात उभे राहिले आहे. ऑक्सफर्डचे शैक्षणिक वर्ष ऑक्टोबरात सुरू होते; म्हणजे नवा विद्यार्थी तेथे पाऊल ठेवतो तो नेमका दिवस लहान होत चाललेले असताना. डिसेंबरात तर दुपारी चारच्या सुमारास दिवे लागतात. पिवळसर दगडाच्या शतकानुशतकांच्या इमारती, थेम्स आणि चेरवेल या दोन नद्या, बोडली साहेबांचे १६०२ साली उघडलेले ग्रंथालय, रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी एकशे एक टोले देणारी क्राइस्ट चर्चची घंटा! दक्षिणेतील उन्हात वाढलेल्या माणसास हे सारे दिपविणारे आणि थोडे एकटे पाडणारेही वाटले असल्यास नवल नाही.

परंतु आमच्या मते शिंदे ज्या विद्यालयात राहिले त्याचा इतिहास या मनोऱ्यांहून मोलाचा आहे. ते मँचेस्टर कॉलेज. ऑक्सफर्ड विद्यापीठात १८५४ पर्यंत नाव घालावयाचे तर आंग्ल चर्चच्या एकोणचाळीस कलमांस मान्यता द्यावी लागे. ज्यांची श्रद्धा निराळी त्यांना दार बंद! उरलीसुरली बंधने १८७१ च्या कायद्याने गेली. अशा बाहेर ठेवलेल्या लोकांनी १७८६ साली मँचेस्टर येथे आपले स्वतंत्र विद्यालय काढले, आणि गावोगाव फिरत ते १८८९ साली ऑक्सफर्डमध्येच येऊन स्थिरावले. ज्यांना वेशीवर अडविले त्यांनी नगरीच्या मध्यभागी घर बांधले आणि त्या घरात कोणाचाही धर्म न विचारता विद्यार्थी घेतले. जमखंडीच्या वारकऱ्याचा मुलगा तेथे एस्टलिन कार्पेंटर यांच्यासारख्या गुरूंजवळ तौलनिक धर्मशास्त्र शिकला. हे कार्पेंटर पाली ग्रंथांचे गाढे अभ्यासक व दीघनिकायाचे एक संपादक. आपल्याच भूमीतील बुद्धवचनांचा असा जाणकार साता समुद्रापलीकडे भेटावा, हाही एक योगच.

शिंदे केवळ पुस्तकांत गुंतून राहिले नाहीत. इंग्रजांची घरे कशी चालतात, निरनिराळ्या पंथांची उपासना कशी होते, हे ते पाहत व मुंबईच्या 'सुबोध पत्रिके'स लिहून पाठवीत. शहरांतील दरिद्री वस्त्या आणि तेथे धर्ममंडळींनी चालविलेले सेवाकार्य यांचीही त्यांनी पाहणी केली. वैभवाच्या इतक्या जवळ असे दारिद्र्य असू शकते हे त्यांना तेथे दिसले. आम्हांस वाटते, परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने छायाचित्रांच्या जोडीला हेही घरी कळवावे. सप्टेंबर १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील उदार धर्मपरिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्म या विषयावर निबंध वाचून ते स्वदेशी परतले.

परतल्यावर ते प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. ऑक्टोबर १९०६ मध्ये त्यांनी मुंबईस भारतीय निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली व अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी परळ येथे शाळा काढली. १९१७ साली कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला, त्यामागेही त्यांची खटपट होती. हे कार्य आपल्या समाजातील पुष्कळांना रुचले नाही. हे लपविण्यात अर्थ नाही; आमच्या लहानपणीदेखील त्यांचे नाव घरात आदराने घेतले जात असे असे म्हणता येणार नाही.

आता त्या विद्यार्थिवेतनाकडे येतो. ते दिले मराठ्यांनी, मराठ्याच्या मुलास. त्या मुलाने ते फेडले जातीबाहेरच्या, गावकुसाबाहेरच्या मुलांना शिकवून. म्हणून आपल्या मंडळाच्या विद्यार्थी निधीतील निदान एक वेतन समाजाबाहेरच्या गरजू मुलास द्यावे, अशी सूचना आम्ही गेल्या सभेत मांडली. काही सभासदांनी निधी आधीच अपुरा असल्याचे सांगितले, आणि ते खोटे नव्हे. सूचना पुढील सभेवर ठेवली आहे.

शिंदे २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यास निवर्तले. विलायतेहून आलेला मुलगा मोठ्या पगाराची नोकरी धरील, अशी आशा घरच्यांनी केली असेल तर ती फोल ठरली. परंतु त्याच घरातील बहीण जनाक्का मिशनच्या कामात उतरली, आणि भावाच्या बरोबरीने त्या मुलांमध्ये राबली.