वॉशिंग्टन यांची कवळी : एका राष्ट्राध्यक्षाचे मूक दुखणे

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन लाकडी दात वापरीत, ही आख्यायिका जगभर सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यांच्या उपलब्ध कवळ्यांत लाकडाचा अंशही आढळलेला नाही. त्यांत आहेत ते हस्तिदंत, पाणघोड्याचे दंत, शिसे, गुरांचे दात आणि माणसांचेही.

२२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियात जन्मलेल्या वॉशिंग्टन यांनी उमेदीच्या काळात भूमापक म्हणून काम केले. वयाच्या चोविसाव्या वर्षी, १७५६ मध्ये त्यांना एक दात काढून घ्यावा लागला आणि तेथून पुढे दातांचे दुखणे आयुष्यभर त्यांची पाठ सोडेना. १७७५ मध्ये ते सरसेनापती झाले. परंतु ही व्यथा चारचौघांत उघड होऊ नये, याची ते कटाक्षाने काळजी घेत. १७८१ मध्ये दात साफ करण्याच्या साधनांसाठी दंतवैद्याला लिहिलेले त्यांचे खासगी पत्र नेमके ब्रिटिशांच्या हाती पडले.

त्या काळी कवळी घडविणे हे कोरीव काम होते. मेणात हिरड्यांचा ठसा घेऊन त्यावरून प्लास्टरची प्रतिकृती ओतली जाई. तिला रंग लावून हस्तिदंताचा तुकडा तिच्यावर दाबला की, जेथे रंग उमटे तेथे तो टेकतो आहे हे कळे. तेवढाच भाग खरवडायचा आणि पुन्हा दाबून पाहायचे. खुणेत किंचित चूक झाली, तरी तिची शिक्षा रुग्णाच्या हिरड्यांना भोगावी लागे.

या कथेला एक काळी बाजूही आहे. १७८४ च्या मे महिन्यातील वॉशिंग्टन यांच्या हिशेबवहीत, फ्रेंच दंतवैद्याच्या खात्यावर कृष्णवर्णीयांना नऊ दातांपोटी सहा पौंड दोन शिलिंग दिल्याची नोंद आहे. पैसे दिले गेले, हे खरे. मात्र धन्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य गुलामांना नव्हते.

३० एप्रिल १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवूड या दंतवैद्याने त्या वर्षी पाणघोड्याच्या दंताची खालची कवळी कोरली आणि त्या एकुलत्या दातासाठी तिच्यात भोक ठेवले. १७९६ मध्ये तोही दात गेला.

वरच्या व खालच्या कवळीला जोडणाऱ्या स्प्रिंगांमुळे तोंड मिटून धरण्यास सतत जोर लावावा लागे. दंतवैद्य न्यूयॉर्कमध्ये आणि रुग्ण दूर, त्यामुळे कवळ्या दुरुस्तीसाठी पाठवाव्या लागत. कवळी त्रास देते आणि ओठ पुढे ढकलते, अशी तक्रार त्यांनी १७९७ मध्ये ग्रीनवूड यांच्याकडे केली. पुढच्या वर्षीही तीच तक्रार होती. १४ डिसेंबर १७९९ रोजी माउंट व्हर्नन येथे त्यांचे निधन झाले.

आजही कवळी करताना प्लास्टरच्या प्रतिकृतीवर मध्यरेषा आणि हिरड्यांच्या कण्याची रेषा आखली जाते व त्या खुणांच्या आधाराने दात मांडले जातात. कवळी मात्र आता स्प्रिंगशिवाय बसते. वॉशिंग्टन यांची एक संपूर्ण कवळी माउंट व्हर्ननच्या संग्रहात आहे. नामवंत चित्रकारांनी रेखाटलेल्या त्यांच्या चित्रांत ओठ घट्ट मिटलेले का दिसतात, हे ती कवळी पाहिल्यावर सांगावे लागत नाही.