सचिवालय ते रौझा बाग : मरहूम डॉ. रफिक झकेरिया



दिंद्रुडसारख्या गावातून दहावी पास झालेला मुलगा पुढे शिकायचे म्हणतो तेव्हा घरात पहिला प्रश्न निघतो तो गावाचा. माजलगाव, परळी, बीड, अंबाजोगाई ही नावे होतात, आणि घरची थोडी ऐपत असेल तर औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, नाव निघते. तिकडे जाणाऱ्या मुलाला जाणती माणसे एक पत्ता हमखास सांगतात : रौझा बाग, मौलाना आझाद कॉलेज. हे कॉलेज काढणारे गृहस्थ मराठवाड्यात जन्मलेले नव्हते. ते कोकणातले, मुंबईत शिकलेले, विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले आणि पुढे राज्याचे मंत्री झालेले. त्यांना जाऊन आता वीस वर्षे उलटली. आजच्या मुलांना त्यांचे नाव माहीत असलेच तर कॅम्पसच्या पाटीवरचे नाव म्हणून माहीत असते. म्हणून या अंकात त्यांची ओळख करून द्यावी असे मनात आले.

डॉ. रफिक झकेरिया यांचा जन्म ५ एप्रिल १९२० रोजी नालासोपारा येथे एका कोकणी मुस्लिम घराण्यात झाला. सोपारा म्हणजे प्राचीन काळचे शूर्पारक बंदर. सम्राट अशोकाचे शिलालेख जेथे सापडले तेच हे गाव. जोगेश्वरीच्या इस्माईल युसूफ कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. मुंबई विद्यापीठाच्या एम. ए. परीक्षेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. नंतर ते इंग्लंडला गेले, लंडन विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली आणि लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले.

येथे थोडे थांबावे लागेल, कारण पीएच. डी.साठी त्यांनी निवडलेल्या विषयात त्यांच्या पुढच्या आयुष्याचे धागे आहेत असे मला वाटते. १८८५ ते १९०६ या काळातील भारतीय मुसलमानांचे राजकारण हा तो विषय. १८८५ साली काँग्रेस स्थापन झाली आणि १९०६ साली मुस्लिम लीग. या वीस-एकवीस वर्षांत सर सय्यद अहमद खान यांनी अलीगढला उभे केलेले कॉलेज, तेथून शिकून निघालेली पिढी, सरकारी नोकऱ्यांचा प्रश्न, हिंदी-उर्दूचा वाद, हे सगळे येते. एक समाज शिक्षणात मागे का पडतो, आणि शिकू लागल्यावर त्याचे राजकारण कोणत्या वळणाला जाते, हे त्यांनी जुन्या कागदपत्रांतून पाहिले. हा अभ्यास १९७० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, तेव्हा ते मंत्री होते. मंत्रिपदावर असताना इतिहासाचा असा जाडजूड ग्रंथ काढणारी माणसे आपल्या राज्यात किती झाली, हे वाचकांनीच मोजून पाहावे.

मायदेशी परतून त्यांनी मुंबईत वकिली केली. काँग्रेसशी संबंध जुनाच होता. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत ते औरंगाबादहून निवडून आले.

मित्रांनो, त्या वेळचा मराठवाडा डोळ्यांसमोर आणल्याशिवाय या निवडणुकीचे महत्त्व कळणार नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचे राज्य संपले. ही मुक्ती होती आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु त्यापाठोपाठ आपल्या समाजाची घडी विस्कटली, हेही तितकेच खरे आहे. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठही १९१८ पासून उर्दू माध्यमाचे. उर्दूच्या जोरावर कारकून, अमीन, मास्तर होणाऱ्या माणसाला एकाएकी आपली विद्या निरुपयोगी वाटू लागली. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या. अनेक कुटुंबे हैदराबादला निघून गेली, काही पाकिस्तानात गेली. जे राहिले त्यांत शेतमजूर, विणकर, कसाई, बागवान, छोटे दुकानदार यांचा भरणा मोठा होता. मुलांना मराठी शाळेत घालावे की उर्दू, शिकवावे की कामाला लावावे, अशा पेचात ही माणसे होती. तो पेच आजही पुरता सुटलेला नाही. आमच्यासारख्या शिक्षकाला तो दर जूनमध्ये शाळेच्या दारात भेटतो.

अशा शहरात हा विलायती पोशाखाचा, इंग्रजी वळणाचा बॅरिस्टर आला. हा निवडणुकीपुरता पाहुणा असेल असे कोणाला वाटले असल्यास नवल नाही. पण निवडून आल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९६३ मध्ये, औरंगाबादला मौलाना आझाद कॉलेज सुरू झाले. याच शहरात १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आलेले कॉलेज काढले होते. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले होते. म्हणजे उच्च शिक्षणाची वाट मोकळी झाली होती. त्या वाटेने आपली मुले चालत नव्हती. झकेरिया साहेबांनी ही उणीव नेमकी हेरली.

कॉलेजला नाव दिले मौलाना अबुल कलाम आझादांचे. आझाद हे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री, धर्माचे मोठे आलिम आणि फाळणीचे कडवे विरोधक. हे नाव निवडण्यात एक भूमिका आहे असे मी मानतो. झकेरिया साहेबांची राजकीय श्रद्धा तीच होती. फाळणीने सर्वाधिक नुकसान भारतात राहिलेल्या मुसलमानांचे झाले, हे मत त्यांनी आयुष्यभर मांडले आणि उतारवयात बॅरिस्टर जीनांवर जे पुस्तक लिहिले त्यातही पुराव्यांसह तेच सांगितले. कॉलेजचे दरवाजे सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुले ठेवण्यात आले. केवळ आपल्याच मुलांचे कॉलेज काढले असते तर टाळ्या जास्त मिळाल्या असत्या. पण एका बाकावर बसून शिकलेली मुले उद्या एका गावात सुखाने नांदतील, हा हिशेब टाळ्यांपेक्षा मोठा होता.

मंत्री म्हणून त्यांचे नाव मुख्यतः नगरविकास खात्याशी जोडले जाते. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतानाचा हा काळ. मुंबईत माणसांची दाटी वाढत चालली होती. खाडीपलीकडे दुसरे शहर वसवावे म्हणून मार्च १९७० मध्ये 'सिडको' ही संस्था स्थापन झाली. हीच पद्धत पुढे औरंगाबादलाही लागू झाली. पद्धत अशी : शासनाने आधी जमीन संपादित करायची, मग रस्ते, नळ, गटारे यांची आखणी करायची, आणि नंतर भूखंड व घरे लोकांना द्यायची. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. घरे आधी होतात आणि गटार वीस वर्षांनी येते. औरंगाबादमध्ये एन-५, एन-७ अशी नावे ज्या वसाहतींना आहेत त्या याच सिडकोच्या. नव्या औरंगाबादचे शिल्पकार म्हणून झकेरिया साहेबांचा उल्लेख होतो तो यामुळे. दरवाजांच्या आतले जुने शहर मात्र बरेचसे होते तसेच राहिले, आणि आपली वस्ती मुख्यतः तेथेच होती. हा दोष एका मंत्र्याचा म्हणता येणार नाही. परंतु नव्या शहरात घर घेण्यासाठी जो पक्का पगार लागतो तो शिक्षणाशिवाय येत नाही, एवढे त्यातून दिसते.

राज्याच्या राजकारणातून ते दिल्लीला गेले. १९७८ ते १९८४ ते राज्यसभेचे सदस्य होते. संयुक्त राष्ट्रसंघात भारताच्या प्रतिनिधिमंडळातून १९६५ साली आणि पुढेही ते गेले. परंतु मंत्रिपद, खासदारकी या गोष्टी येतात आणि जातात. त्यांच्या बरोबरीने शपथ घेतलेल्या किती मंत्र्यांची नावे आज आपल्याला आठवतात? झकेरिया साहेबांचे वेगळेपण असे की सत्ता हाती असताना लावलेले झाड त्यांनी सत्ता गेल्यावरही वाऱ्यावर सोडले नाही. मुंबईत राहूनही ते औरंगाबादला येत राहिले, आणि रौझा बागेत एकेक शाखा वाढत गेली : शाळा, महिला महाविद्यालय, अध्यापक महाविद्यालय, औषधनिर्माणशास्त्र, व्यवस्थापन, संगणक. यशवंतराव चव्हाणांच्या नावाचे फार्मसी कॉलेज याच आवारात आहे. ताज हॉटेल समूहाच्या सहकार्याने हॉटेल व्यवस्थापनाची संस्थाही निघाली. हॉटेलात काम करायला शिकण्यासाठी कॉलेज कशाला, असे त्या वेळी पुष्कळांना वाटले असेल. पण अजिंठा-वेरूळ पाहायला जगभरचे लोक ज्या शहरात उतरतात, तेथल्या मुलांनी त्या धंद्यात मानाची जागा का घेऊ नये?

लेखनही चालूच होते. दिल्लीच्या तख्तावर बसलेल्या रझिया सुलतानावर त्यांनी पुस्तक लिहिले. सलमान रश्दी यांच्या कादंबरीवरून जगभर वादळ उठले तेव्हा त्यांनी जाळपोळीची भाषा न वापरता १९९१ साली हजरत पैगंबर आणि कुरआन यांवर इंग्रजीत ग्रंथ लिहून उत्तर दिले. शेवटचे महत्त्वाचे पुस्तक २००४ सालचे. भारतीय मुसलमानांचे कोठे चुकले, हा त्याचा विषय. अन्याय होतो हे ते नाकारत नाहीत. पण गाऱ्हाणी सांगण्यात आणि संघर्षात शक्ती घालवण्याऐवजी शिक्षणात ती का लावली नाही, लहान कुटुंबाचा विचार का केला नाही, असे प्रश्न त्यांनी आपल्याच लोकांना विचारले. असे प्रश्न विचारून मते मिळत नाहीत, आणि घरच्यांनाही ते कडू लागतात.

एक खंत मात्र नोंदवावीशी वाटते. हे सारे प्रमुख लेखन इंग्रजीत झाले. ज्या बागवानाने, ज्या मजुराने ते प्रश्न ऐकायला हवे होते, त्याच्या हातात ती पुस्तके कधी पडलीच नाहीत. ती मराठीत आणि उर्दूत सोप्या भाषेत सांगण्याचे काम आपल्यासारख्या शिकलेल्यांचे होते, ते राहून गेले.

९ जुलै २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दफन मात्र मुंबईत झाले नाही, सोपाऱ्यातही नाही. औरंगाबादला, त्यांनी उभारलेल्या कॅम्पसच्या आवारातच झाले. त्यांच्या पत्नी फातिमा झकेरिया नामांकित पत्रकार होत्या, 'टाइम्स ऑफ इंडिया'च्या रविवारच्या अंकाच्या संपादक होत्या. मुलगा फरीद अमेरिकेत पत्रकार म्हणून जगप्रसिद्ध झाला. फातिमाबाई पतीच्या पश्चात मुलांकडे परदेशी जाऊन स्वस्थ राहू शकल्या असत्या. त्यांनी संस्थेचा कारभार अंगावर घेतला. २००६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, त्या अल्लाला प्याऱ्या झाल्या, तोवर हे काम त्यांच्याच हाती होते.