मॅडिसन आणि लोकप्रतिनिधींचा पगार

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५, असे ४३ दिवस अमेरिकेचे केंद्र सरकार निधीअभावी बंद होते. लाखो कर्मचारी घरी बसविले गेले, तर विमानतळांवरचे सुरक्षा कर्मचारी बिनपगारी राबले. मात्र ज्यांनी खर्चाचा कायदा वेळेत मंजूर केला नाही, त्या काँग्रेस सदस्यांचा पगार घटनेनुसार सुरूच राहिला. हा उलटा न्याय समजून घ्यायचा तर जेम्स मॅडिसनच्या आयुष्यात डोकवावे लागते.

अमेरिकन राज्यघटनेचा जनक म्हणून गौरविला गेलेला हा माणूस १७५१ साली व्हर्जिनियातील जमीनदार घराण्यात जन्मला. पगार थकणे म्हणजे काय, हे त्याने स्वतः भोगले होते. १७८२ मध्ये फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये असताना त्याच्या राज्याकडून भत्ता येईना. तेव्हा हाईम सॉलोमन या ज्यू सराफाने त्याला व्याज न घेता पैसे दिले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी सभागृहाला वेढा घातला आणि काँग्रेसला प्रिन्स्टनला पळ काढावा लागला. सैनिकांचा पगार बुडविणारी सभा स्वतः सुरक्षित राहू शकत नाही, हा धडा त्याच्या डोळ्यांसमोर घडला!

१७८७ च्या घटना परिषदेत त्याने बजावले की, सदस्यांनी आपला पगार आपणच ठरविणे अशोभनीय आहे. पगार गव्हाच्या भावाशी बांधावा, असेही त्याने सुचविले. ते कोणी मानले नाही. मग १७८९ मध्ये त्याने दुरुस्ती मांडली: पगारातील बदल पुढची निवडणूक होईपर्यंत लागू होऊ नये. राज्यांनी ती तेव्हा पुरेशा संख्येने मंजूर केली नाही. गंमत म्हणजे १८१६ मध्ये काँग्रेसने दिवसाला सहा डॉलरऐवजी वर्षाला दीड हजार डॉलर घेण्याचे ठरविले, तेव्हा त्या कायद्यावर सही करणारा राष्ट्राध्यक्ष मॅडिसनच होता. लोक इतके खवळले की पुढच्या निवडणुकीनंतर बहुसंख्य सदस्य सभागृहात परतलेच नाहीत आणि १८१७ मध्ये कायदा रद्द झाला.

पण दुसऱ्याच्या पगाराची एवढी चिकित्सा करणाऱ्या या घटनाकाराच्या माँटपेलियर मळ्यावर शंभरावर गुलाम आयुष्यभर बिनपगारी राबत होते. १८३६ साली तो वारला, तेव्हा मृत्युपत्रातही त्याने त्यांना मुक्त केले नाही. अखेरच्या क्षणी त्याच्या सेवेला असलेला पॉल जेनिंग्ज हाही गुलामच. पुढे स्वतंत्र झाल्यावर जेनिंग्जने मॅडिसनच्या हलाखीत पडलेल्या विधवेला स्वतःच्या खिशातून अधूनमधून पैसे दिले. मॅडिसनचे गोडवे गाणाऱ्यांनी हा हिशेब वगळू नये, असे आम्हाला वाटते.

त्याची दुरुस्ती १९९२ मध्ये, २०२ वर्षांनी, सत्ताविसावी म्हणून घटनेत आली. टेक्सासमधील ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने १९८२ पासून तिचा पाठपुरावा केला होता. पगारवाढीची हाव रोखायला ती केली होती. आज मात्र पगारकपातीविरुद्ध तीच ढाल म्हणून पुढे केली जाते. २०१३ मध्ये अंदाजपत्रकाचा ठराव न करणाऱ्या सभागृहाच्या सदस्यांचा पगार अनामत ठेवण्याचा कायदा झाला, पण मुदत संपताना तो परत द्यावाच लागेल अशी सोय ठेवली. दोन्ही सभागृहांनी ठराव केले, कोणाचा छदामही गेला नाही आणि त्याच ऑक्टोबरमध्ये सरकार १६ दिवस बंद पडले.

आपल्याकडे लोकसभेने अनुदाने नाकारली तर मंत्रिमंडळाला जावे लागते आणि अनुच्छेद ११६ ने लेखानुदानाची वाटही ठेवली आहे. अमेरिकेत तशी सोय नाही. तरीही कायद्याचे विद्यार्थी म्हणून आम्ही सांगतो, मॅडिसनचे कलम कपात अडवत नाही, ते केवळ निवडणुकीपर्यंत थांबायला सांगते. शटडाऊनच्या दिवसांचा पगार कापणारा कायदा आज करून पुढच्या काँग्रेसपासून लागू करता येतो. तो करायचा मात्र त्याच सदस्यांनी.