थंडीच्या ध्यासातून प्रकाशकणापर्यंत

एमआरआय यंत्रातला प्रचंड चुंबक आणि प्रकाशाचा एकेक कण टिपणारा सूक्ष्म संवेदक यांच्यामागे एकच गुणधर्म आहे : अतिवाहकता. तो शोधणारे हाइके कामरलिंग ओनेस यांचा जन्म 21 सप्टेंबर 1853 रोजी नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे झाला. वडिलांचा विटांचा कारखाना होता. प्रकृती तोळामासा, पण चिकाटी दांडगी.

1882 मध्ये ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. प्रयोगशाळेतल्या दाबाखालील वायूंचा स्फोट होईल, या भीतीने शहरातून विरोध झाला आणि काम बराच काळ थांबले. ओनेस खचले नाहीत. काच आणि धातूचे कारागीर घडवण्यासाठी त्यांनी शाळाच काढली. अखेर 10 जुलै 1908 रोजी, पहाटेपासून रात्रीपर्यंत चाललेल्या प्रयोगात, हेलियम द्रवरूप झाला. जेमतेम 60 मिलिलिटर. तापमान सुमारे उणे 269 अंश सेल्सिअस.

1911 मध्ये याच थंडीत पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. प्रत्यक्ष मोजमाप करणाऱ्या गिल्स होल्स्ट यांचे नाव मात्र शोधनिबंधावर आले नाही. 1913 मध्ये ओनेस यांना नोबेल मिळाले.

रोध नाही म्हणजे तार तापणार नाही. मग हवा तेवढा शक्तिशाली चुंबक बनवता येईल, असे त्यांचे स्वप्न होते. पण चुंबकीय क्षेत्र थोडे वाढताच अतिवाहकता नष्ट होई. हे स्वप्न अपुरे ठेवूनच 21 फेब्रुवारी 1926 रोजी त्यांचे निधन झाले. ते पूर्ण केले पुढे नायोबियमच्या मिश्रधातूंनी.

अतिवाहकतेचा हाच नाजूकपणा संवेदकात मात्र कामी आला. 2001 मध्ये मॉस्कोतील ग्रिगोरी गोल्त्समन आणि सहकाऱ्यांनी केसाहून शेकडो पटींनी बारीक अशा नायोबियम नायट्राइडच्या पट्टीवर प्रकाश सोडला. एक फोटॉन आदळला की तेवढ्या जागी अतिवाहकता मोडते, रोध उमटतो आणि विजेचा ठोका नोंदला जातो. क्षणात पट्टी पुन्हा थंड होऊन सज्ज! असा संवेदक पारखताना तो पूर्ण अंधारातही ठेवतात; फोटॉन नसताना किती खोटे ठोके पडतात, यावर त्याची विश्वासार्हता ठरते.

आता कवटी न उघडता, बाहेरूनच प्रकाश सोडून मेंदूतला रक्तप्रवाह मोजण्यासाठी हे संवेदक अजमावले जात आहेत. कवटीतून परतणारे फोटॉन मोजकेच असतात. त्यातला एकही वाया जाऊन चालत नाही.