रेव्हरंड टिळक : पाळकांना तुकोबा वाचायला लावणारा मास्तर

टिळक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पगडीवाले लोकमान्य येतात. पण नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत टिळक म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. दोघेही रत्नागिरीकडचे, वयात पाचच वर्षांचं अंतर. वाटा मात्र पार वेगळ्या.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, करजगावचा. आई लवकर गेली, पोरगा घर सोडून नाशिकला आला आणि तिथं संस्कृत शिकला. लग्न जलालपूरच्या मुलीशी झालं, त्याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई. माणूस कमालीचा हुशार, पण एका जागी टिकेल तर शपथ! आज या गावी मास्तरकी, उद्या त्या गावी कीर्तन.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना बायबलचा नवा करार दिला. येशूचं डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि ते त्यात अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही हट्टानं एतद्देशीय पाळकाच्या हातून, साहेबाच्या नव्हे. घरात आकांत झाला. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन काही वर्षं नातेवाइकांकडे पंढरपुरात राहिल्या. नंतर त्या नगरला आल्या, हळूहळू त्यांचं सोवळं-ओवळं गळालं आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवरा म्हणाला म्हणून नव्हे, स्वतःला पटलं तेव्हा. ते मला फार मोठं वाटतं.

आता नगरची गोष्ट. अमेरिकन मराठी मिशनची तिथं पाळक तयार करणारी शाळा होती, तिला सेमिनरी म्हणायचे. डॉक्टर ह्यूम साहेब ती बघायचे. पाळक होणं म्हणजे नुसतं बायबल पाठ करणं नाही. उपदेश कसा करायचा, मंडळी कशी सांभाळायची, बाप्तिस्मा, लग्न, मयत, भांडणतंटा, दुष्काळात कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे सगळं त्यात येतं. शिकणारी पोरं बहुतेक खेड्यातली, पूर्वीच्या महारवाड्यातून आलेल्या घरांतली. त्यांच्यासमोर शिकवायला उभा राहिला चित्पावन घरातला संस्कृत पंडित. त्या काळात गावच्या आडावर पाणी भरायची बंदी होती, हे ध्यानात घ्या म्हणजे ही गोष्ट केवढी ते कळेल.

टिळकांचं म्हणणं सरळ होतं. खेड्यातल्या माणसाचे कान ओवी-अभंगावर वाढलेत. विलायती चालीवर ओढूनताणून बसवलेलं गाणं त्याच्या गळ्याखाली उतरत नाही. येशूपर्यंत आपण तुकोबांच्या पुलावरून आलो असं ते मानत, त्यामुळे पाळकाला ज्ञानोबा-तुकोबा माहीत पाहिजेतच, असा त्यांचा आग्रह. ख्रिस्ती कीर्तन नगरकडे त्यांच्या आधीपासून होतं, पण यांनी भजनांचा पाऊसच पाडला. ती आजही रविवारी आपल्याकडच्या मंडळ्यांत टाळ-मृदंगावर गायली जातात. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पुढे 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी बाजूचं संपादनही केलं. काही काळ कुटुंब राहुरीला होतं. बालकवी ठोंबरेही नगरला त्यांच्या घरी राहिले होते.

मिशनशी मात्र सगळं गोडीगुलाबीनं चाललं असं नाही. पगार साहेबाचा, कारभार साहेबाचा, मग आपला पाळक आपल्या पायावर उभा कधी राहणार, हा प्रश्न त्यांना टोचत होता. शेवटी १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्याशासारखी वस्त्रं घेतली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूचा शिष्य होऊ पाहणाऱ्या कुणालाही तिथं दार उघडं होतं. वय पंचावन्नच्या पुढे आणि बांधलेला पगार सोडलेला! आपल्यातल्या कितीजणांना जमेल? लक्ष्मीबाईंना घर कसं चालवायचं ही काळजी होतीच.

दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक वारले. आपल्या भागातली माणसं पुढे ज्या वरळीच्या बीडीडी चाळीत कामासाठी जाऊन राहिली, ती चाळ तेव्हा उभीसुद्धा नव्हती. येशूच्या चरित्रावरचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अर्धवट राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे अध्याय स्वतः लिहून ते पुरं केलं.