नाईक घाडगे आणि त्यांची टॉमीगन

नाईक यशवंत घाडगे हे कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले, माणगाव तालुक्याचे. जन्म १९२१ चा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधून ते दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

एवढे पुष्कळांना ठाऊक असते. मी मात्र गौरवपत्रातल्या एका तपशिलापाशी अडलो. शेवटच्या दोघा शत्रूंना त्यांनी बंदूक नळीकडून धरून दस्त्याच्या घावांनी मारले. असे का? म्हणून मी त्या काळच्या सेक्शनची हत्यारे पाहू लागलो. दहाएक जवान, बहुतेकांकडे ३०३ रायफल, एक ब्रेनगन, आणि टॉमीगन सहसा सेक्शनच्या नायकाकडे. रायफलीला संगीन असे, टॉमीगनला नसे! तिच्या मॅगझिनमध्ये वीस किंवा तीस गोळ्या. घोडा दाबून धरला तर त्या दोन-तीन सेकंदांत संपत. उरे ते साडेचार किलोंहून जड लोखंड-लाकूड.

त्या दिवशी मशीनगनच्या माऱ्यात सारे सेक्शन मेले वा जखमी झाले होते. घाडगे एकटेच धावले. हातबॉम्बने मशीनगन आणि ती चालवणारा संपवला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता.

लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या. जिंकलेल्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. त्यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. ज्यांच्या कबरीचा वा दहनस्थानाचा पत्ता नाही, अशांचे ते स्मारक.